तीन तासांच्या अंतराला एकोणीस तास

माझे बाबा त्या पुलावरून जाणार नव्हते. अडचण एवढीच होती, आणि तीच सगळ्या घराच्या डोक्याला ताप होऊन बसली होती.

पूल झाला त्याला चार वर्षं झाली. त्याआधी आमच्या लहान बंदरातून पलीकडच्या मोठ्या बंदराला जायचं तर बाबांच्या फेरीबोटीशिवाय सोय नव्हती. समुद्रातून चाळीस मैल, बरोबर तीन तास. बाबांनी ती बोट एकतीस वर्षं चालवली. धक्क्यावरचे लोक त्यांना 'घड्याळ' म्हणायचे आणि बाबांना ते मनातून आवडायचं. मग खाडीवर पूल झाला, किनाऱ्याचा रस्ता जोडला गेला, बस दीड तासात पोचायला लागली आणि फेरी बंद पडली. त्या पुलावर आपण पाऊल ठेवणार नाही असं बाबांनी त्याच दिवशी जाहीर केलं आणि तसं वागूनही दाखवलं. पलीकडे राहणाऱ्या आत्याच्या मुलीच्या लग्नालासुद्धा गेले नाहीत. आईने समजावून पाहिलं, भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला आणि शेवटी नाद सोडला.

आता मात्र बाबांनाच पलीकडे जायचं होतं. बंद पडल्यापासून फेरीबोट मोठ्या बंदराच्या एका कोपऱ्यात बांधून ठेवली होती. ती मोडीत निघाली होती आणि गुरुवारी सकाळी दहा वाजता एक ओढनौका तिला तोडायच्या यार्डाकडे नेणार होती. तिच्यावरच्या जुन्या इंजिनवाल्याने फोन करून ही बातमी दिली. बाबांनी फोन ठेवला आणि आईला म्हणाले की दहाला मला धक्क्यावर उभं राहायचंय. आईने बसची वेळ सांगितली. बाबा तिच्याकडे असे बघायला लागले की जणू तिने त्यांना पोहत जायला सांगितलंय.

आमच्या घरात त्या फेरीबोटीला थोरली म्हणतात. बाबांनी तिचा ताबा घेतला आणि पुढच्याच वर्षी मी झाले, म्हणून ती थोरली आणि मी धाकटी. हे नाव आईने ठेवलेलं, तेही चिडून. थोरलीला बरं नाही, थोरलीला रंग द्यायचाय, थोरलीला तपासायला माणसं येणार आहेत. माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभाला बाबा आले नाहीत, कारण थोरलीचा पंप बिघडला होता. बाईंनी विचारलं, तुला मोठी बहीण आहे का? मी म्हटलं, आहे, पण लोखंडाची आहे. लहानपणी मी तिचा मनापासून दुस्वास करायचे. मोठी झाल्यावर फार फरक पडला नाही, फक्त तोंडाने बोलणं बंद केलं.

तरीही शेवटी मी समुद्रावरच गेले. एका क्रूझ जहाजावर मी सेकंड ऑफिसर आहे, आणि जहाजाने कोणत्या वाटेने आणि किती वेगाने जायचं याचा आराखडा मी करते. योगायोगाने आमचं जहाज त्या बुधवारी दुपारी एकला आमच्या बंदरातून निघून गुरुवारी सकाळी आठला मोठ्या बंदराला लागणार होतं. अधिकाऱ्यांना घरचं एक माणूस बरोबर नेता येतं. मी बाबांना विचारलं, तेव्हा आई त्यांच्या पाठीमागे उभी राहून मला हात जोडत होती.

बाबांनी वेळापत्रक हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. एकला निघून आठला म्हणजे रात्री आठला का, असं विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी सकाळी. मध्ये कुठे थांबता? कुठेच नाही. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. शेवटी हो म्हणाले, पण एखाद्या कमी शिकलेल्या डॉक्टरकडून औषध घ्यावं तसं.

आठव्या मजल्यावर, डाव्या बाजूला त्यांना बाल्कनीची खोली मिळाली. पलंगावर त्यांनी हात फिरवून पाहिला, पण बसले नाहीत. जहाज एकला सुटलं तेव्हा ते बाल्कनीत घड्याळ घेऊन उभे होते, आणि मिनिटभरही उशीर झाला नाही म्हणून त्यांनी मान हलवली म्हणे. हे मला खोली आवरणाऱ्या बाईंनी नंतर सांगितलं.

चारपर्यंत मी ड्युटीवर होते, ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या पुढच्या काचेच्या दालनात. साडेतीनला रिसेप्शनवरून फोन आला की तुमचे वडील इथे आहेत आणि तुम्ही खाली आलात तर बरं होईल. मी बदली माणूस उभा करून खाली धावले.

बाबांना बाल्कनीतून दीपगृह दिसलं होतं, आणि ते चुकीच्या बाजूला होतं. एकतीस वर्षं जे खडकावरचं दीपगृह जाताना उजव्या हाताला असायचं ते आता डावीकडे मागे पडत चाललं होतं. म्हणजे जहाज तासाभरापासून भर समुद्राकडे निघालंय आणि वरच्या पोरांच्या ते लक्षात आलेलं नाही, असा त्यांनी निष्कर्ष काढला. उगाच कोणाची अब्रू जाऊ नये म्हणून त्यांनी रिसेप्शनवरच्या मुलीच्या कानाशी जाऊन ते सांगितलं. पण इंजिनाच्या आवाजावर ओरडण्यात जन्म गेलेला माणूस तो, त्यांचं कुजबुजणं अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. मी पोचले तेव्हा आठदहा जण त्यांच्याभोवती जमले होते, एक बाई लाइफ जॅकेटं कुठे ठेवलीत म्हणून विचारत होत्या आणि बाबा जेवणाच्या छापील कागदामागे बरोबर रस्ता काढून दाखवत होते.

मी सगळ्यांची समजूत घातली, बाबांना दंडाला धरून चहाला नेलं आणि समोर बसवलं.

"रस्ता चुकलेला नाही," मी म्हटलं. "मीच आखलाय."

"तू?"

"हो."

"मुद्दाम?"

मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. या जहाजावरच्या माणसाला पोचायचं नसतंच. त्याला जहाजावर राहायचं असतं, संध्याकाळचं गाणं ऐकायचं असतं आणि सकाळी डोळे उघडल्यावर खिडकीत नवं बंदर बघायचं असतं. त्याला मी दुपारी चारलाच नेऊन टाकलं तर तो भांडायला येईल. आणि लवकर आलो तरी धक्का सकाळीच मिळणार. वेग दुप्पट केला तर तेल दुप्पट नाही, कितीतरी पट जळतं. जहाजावरची दुकानं आणि जुगाराची टेबलं किनाऱ्यापासून बारा मैलांच्या आत कुलपात असतात, म्हणून त्या रेषेबाहेर जावंच लागतं. चार हजार माणसांच्या आंघोळीचं गोडं पाणी आम्ही समुद्रातून करतो, ते यंत्रही स्वच्छ पाण्यात, लांबवरच चालू करायचं. वापरलेलं पाणी गाळून सोडायचं तेही तिकडेच. शिवाय वारा असा घ्यायचा की गच्चीवर बसलेल्यांच्या टोप्या उडू नयेत आणि जेवताना सूप सांडू नये. हे सगळं जुळवून तीन तासांचं अंतर एकोणीस तासांवर न्यायचं, आणि कोणाला वेळ काढतोय असं वाटू द्यायचं नाही. हे सोपं नाही, मी म्हटलं. बोलता बोलता माझा आवाज चढला होता.

बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. दोन घोट चहा प्याले.

"म्हणजे तुला वेळ काढायचा पगार मिळतो," ते म्हणाले.

त्यांनी कुत्सितपणे म्हटलं नव्हतं, हिशेब लावून सांगावं तसं म्हटलं होतं, म्हणून जास्त लागलं. सहा वर्षं शिकले, चार परीक्षा दिल्या, तुफानात उभी राहिले, आणि हाताशी काय आलं तर हे. मी कप बाजूला सारला आणि म्हटलं की बाबा, तुम्ही आठला पोचाल, दहाच्या दोन तास आधी. आणखी काय पाहिजे?

"आठ म्हणजे आठ ना?"

"आठ म्हणजे आठ," मी म्हटलं.

सकाळी साडेसहाला मला कप्तानांनी वर बोलावून घेतलं. बंदरातून निरोप आला होता. आमच्या धक्क्यावर जे जहाज उभं होतं त्याच्या इंजिनात बिघाड झाला होता आणि दुपारी दोनच्या आत ते हलणार नव्हतं. दुसरा धक्का आमच्या मापाचा नव्हता. कप्तान हा मोजकं बोलणारा माणूस. ते म्हणाले, आठाचे दोन झाले, मधले सहा तास घालवायचेत. एका जागी उभं राहायचं नाही, कारण उभं जहाज दिसलं की लोकांना प्रश्न पडतात, आणि लाट आडवी लागली तर नाश्ता अंगावर येतो. अर्ध्या तासात नवा आराखडा दाखवा.

मी आधी आठव्या मजल्यावर गेले. बाबा तयार होऊन पलंगाच्या अगदी कडेला बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चकचकीत बूट, दाढी केलेली. पाचपासून असेच बसले असणार. मी उभ्यानेच सांगून टाकलं, कारण बसले असते तर सांगता आलं नसतं.

त्यांनी विचारलं, आत्ता बंदर किती लांब आहे? मी म्हटलं, पंधरा मैल. पंधरा मैल म्हणजे तासाभराचं काम, ते म्हणाले. मी म्हटलं, पोचू हो, पण जागा कुठेय? मग लहान बोट उतरव. एका माणसासाठी नाही उतरवता येत, बाबा. ते खिडकीबाहेर बघत राहिले. समुद्र शांत होता आणि पलीकडे किनाऱ्याची रेघसुद्धा दिसत होती, त्यामुळे तर माझं बोलणं आणखीच खोटं वाटत होतं.

"एकतीस वर्षांत मला एकदा उशीर झाला," बाबा म्हणाले. "सतरा मिनिटं. आणि तुम्ही एकोणीस तास घेऊनसुद्धा..." मग म्हणाले, "जा. तुझं काम कर."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी जिन्यात येऊन थांबले आणि मला रडू आलं. आणि खरं सांगायचं तर त्या रडण्यात एक वाईट विचारही येऊन गेला, की आज पहिल्यांदा थोरलीला बाबांची गरज आहे आणि बाबा तिच्याकडे नाहीत, माझ्या जहाजावर आहेत. लहानपणी हेच तर हवं होतं मला. आता मिळालं तर ते मला बघवत नव्हतं.

वर येऊन मी आराखडा करायला बसले. अशा वेळी आधी आसपासच्या सूचना वाचायच्या असतात, कुठे मासेमारीची जाळी आहेत, कुठे पाणबुडे काम करतायत वगैरे. तिसरी सूचना होती ती अशी, की दहा वाजता एक ओढनौका जुनी रिकामी फेरीबोट घेऊन बंदराबाहेर पडेल, दोघींमध्ये चारशे मीटर दोर, वेग ताशी पाच मैल, दिशा नैर्ऋत्य, सर्वांनी लांब राहावं. मी ती दोनदा वाचली. सगळ्यांनी लांब राहावं म्हणूनच ती वाट इतकी तपशीलवार दिली होती. मी पेन्सिल घेतली आणि ती नकाशावर काढली.

मग माझं जे काम, ज्याचा मला पगार मिळतो, ते मी आयुष्यात केलं नसेल इतकं मन लावून केलं. सहा तास घालवायचे होते. ते मी असे वळवले, वाकवले, एका ठिकाणी ताणले आणि एका ठिकाणी आखडले, की अकरा वीसला आमचं जहाज त्या दोराच्या समांतर, त्याच दिशेने, दीड मैल अंतरावर असेल. वारा मागून. सूप सांडणार नाही.

कप्तानांनी कागद बघितला. त्यांना अर्थातच कळलं. इतका मोकळा समुद्र पडला असताना तुम्हाला त्या दोराशेजारीच जायचंय, हे कशासाठी, त्यांनी विचारलं. खोटं बोलायचं मला सुचलं नाही. मी सांगितलं, ती बोट माझ्या वडिलांची आहे.

"काल रिसेप्शनवर जहाज वळवा म्हणणारे, तेच का?"

"तेच."

कप्तानांनी कागदावरचं अंतर स्वतः मोजून पाहिलं. मग म्हणाले, दीड मैलाच्या आत अजिबात जायचं नाही, आणि ओढनौकेच्या माणसाशी आधी बोलून घ्या. मी रेडिओवर त्याच्याशी बोलले. तो म्हणाला, लांबून चाललात तर माझं काय जातंय. मी निघाले तर कप्तानांनी मागून हाक मारली आणि सांगितलं, त्यांना खोलीत कशाला ठेवताय, वर घेऊन या.

बाबा वर यायला तयार नव्हते. त्यांना वाटलं मी त्यांची समजूत काढायला कुठेतरी फिरवून आणतेय. कप्तानांनी बोलावलंय म्हटल्यावर मात्र उठले, कारण कप्तानाने बोलावल्यावर जायचं असतं. ब्रिजच्या दाराशी येऊन ते थांबले आणि या म्हटल्याशिवाय आत आले नाहीत. आत आल्यावर हात पाठीमागे बांधून काचेपाशी उभे राहिले. कशालाही हात लावला नाही. एवढी मोठी काच, एवढे पडदे आणि बटणं, पण त्यांनी बघितलं ते फक्त सुकाणूवरच्या माणसाच्या हातांकडे, आणि मग बाहेर.

अकरा वाजून गेल्यावर डाव्या बाजूला आधी ओढनौका दिसली, छोटी आणि लाल. तिच्यामागे बराच वेळ नुसतं पाणी, आणि मग फेरीबोट. मी बाबांच्या हातात दुर्बीण दिली. त्यांनी ती डोळ्यांना लावली आणि चाक फिरवून नीट करून घेतली.

"ही आपली नाही," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना बघायचं नाहीये. पण तसं नव्हतं, ते मनापासून सांगत होते.

"आपलीच आहे, बाबा."

"आपली एवढी लहान नाही. आणि ही बघ, डावीकडे झुकलेली आहे."

"ती झुकतेच डावीकडे," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

बाबांनी दुर्बीण खाली घेतली आणि माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, घराच्या गच्चीवरून रोज दिसायचं. सकाळी आठला जाताना आणि दुपारी अडीचला येताना. मी कठड्याला धरून उभी असायचे. भोंगा झाला की आई म्हणायची, बघ, आले तुझे बाबा. ते आत असायचे, मला दिसायचे नाहीत, म्हणून मी तिलाच बघायचे. सगळी मुलं शाळेच्या घंटेवर वेळ ओळखायची, मी त्या झुकण्यावरून ओळखायचे.

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

त्यांनी मान हलवली. मग पुन्हा दुर्बीण लावली आणि आता ते वेगळं बघत होते. हळूहळू एकेक ओळखीचं व्हायला लागलं. पुढची गाड्या चढवायची फळी. वरचं बाक. सुकाणूची खोली, तिच्या काचा काढून नेलेल्या होत्या. ते माझ्याशी बोलत होते की स्वतःशी ते कळत नव्हतं. एकतीस वर्षं, ते म्हणाले, रोज दोन फेऱ्या, आणि चालताना ती कशी दिसते हे मी कधी पाहिलंच नाही. मी आतच असायचो ना. मला वाटायचं ती भारी देखणी चालत असेल.

"चालते की देखणी," मी म्हटलं, आणि माझ्या तोंडून थोरलीबद्दल निघालेला तो पहिला चांगला शब्द होता. तो खोटा नव्हता. पाणी कापत ती तशीच चालली होती, थोडी डावीकडे झुकून, घाई न करता.

पण आमचं जहाज ताशी आठ मैलांनी चाललं होतं आणि तिची ओढनौका पाच मैलांनी. बघता बघता ती काचेच्या मधून कडेकडे सरकायला लागली. आधी थोरलीचं मागचं टोक खिडकीच्या चौकटीआड गेलं, मग वरचं बाक, मग तिचं तोंडही जायला लागलं. बाबा एक पाऊल मागे सरकले, मग आणखी एक. भिंत आल्यावर त्यांना आणखी मागे सरकता येईना. मग त्यांनी दुर्बीण खाली घेतली. ते कप्तानांकडे वळले नाहीत, माझ्याकडे वळले.

"धाकटे," ते म्हणाले, आणि आवाज इतका खाली होता की या खेपेला तो खरोखर माझ्याशिवाय कोणालाच ऐकू गेला नाही. "अजून हळू करता येईल का गं?"

मी कप्तानांकडे बघितलं. ते घड्याळाकडे बघत होते, पण त्यांनी मान हलवली. मी वेग आधी चारावर आणि ती बरोबरीला आल्यावर पाचावर ठेवायला सांगितला. हाताखाली जाणवणारी इंजिनाची थरथर कमी होत गेली, आणि थोरली चौकटीतून पुन्हा पुढे आली आणि आमच्या बरोबरीने चालायला लागली. बाबा परत काचेपाशी जाऊन उभे राहिले. मीही त्यांच्या शेजारी उभी राहिले. दोन वाजेपर्यंत आम्हाला कुठेच पोचायचं नव्हतं.